एका अक्षराचा रकाना

कॉम्प्युटरात माहिती कशात साठवायची यावरून शिकलेली माणसं भांडतात, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही मात्र भांडलो. मी आणि आमचे साहेब, एक अख्खा पावसाळा, रोज सकाळी चहा यायच्या आधी सुरू व्हायचो आणि चहा आला की तेवढ्यापुरते थांबायचो. साहेबांना डेटाबेस हवा होता, मला साधी टेक्स्ट फाईल. बाहेरच्या खोलीतले लोक आमच्याकडे असे बघायचे की आम्ही नवराबायको असतो तर एव्हाना पंचायत बसली असती.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नागपूरहून कॉम्प्युटरची पदविका घेऊन मी परतले आणि चंद्रपूरच्या एका सरकारी कचेरीत मला तात्पुरती नोकरी लागली. आमचं घर सिंदेवाहीला. बाबा तिथल्या धान संशोधन केंद्रात शेतावरच्या कामाला होते. मुलीनं शिकावं, नोकरी करावी, कुणापुढे मान खाली घालू नये, हे आमच्या घरात बुद्धवंदनेइतकंच नेमानं सांगितलं जायचं. त्यामुळे मान खाली न घालण्याची मला जरा जास्तच सवय झाली होती, आणि ती साहेबांच्या वाट्याला आली.

कचेरीला दोन कॉम्प्युटर मिळाले होते. एक चंद्रपुरात आमच्याकडे आणि एक वडशाला, रेल्वे स्टेशनाजवळच्या छोट्या कचेरीत. दोघांच्या मध्ये टेलिफोनची तार आणि दोन्ही टोकांना मोडेम नावाची डबी. कल्पना अशी की पावसाळ्यात कुठला रस्ता बंद, कुठल्या नाल्याला पूर, हे वडशाच्या माणसानं तारेतून आमच्या कॉम्प्युटरवर लिहायचं, आम्ही आमच्याकडचं लिहायचं, आणि ज्याला पाहिजे त्यानं वाचायचं. शाळेतल्या सूचनांच्या फळ्यासारखंच, म्हणून त्याला बुलेटिन बोर्ड म्हणायचे. जुळणी करणारा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आयता आला होता. सूचना साठवायच्या कशात, एवढं मात्र आमच्यावर सोडलं होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. त्या काळी सगळीकडे चालणारं डेटाबेसचं पॅकेज आपल्याकडे आहे. एक टेबल, म्हणजे तक्ता, करा, त्यात प्रत्येक रस्त्याची एक ओळ. रस्त्याचा नंबर, तारीख, वेळ आणि स्थिती. स्थितीचा रकाना एका अक्षराचा. चालू असेल तर सी, बंद असेल तर बी. वर शोधायच्या सूचीसारखा इंडेक्स बांधा, म्हणजे विचारलं की पापणी लवायच्या आत उत्तर. ते सांगताना साहेबांचा चेहरा उजळायचा. माणूस वाईट नव्हता. नागपूरचा, कडक इस्त्रीचा, आणि अर्धवट काम बघितलं की खरोखर दुखावणारा.

माझं म्हणणं विजेचं होतं. अख्ख्या महाराष्ट्राला पुरवायची वीज आमच्या चंद्रपुरात तयार होते आणि आमच्याच कचेरीतले दिवे दुपारी हमखास जातात, हा काय न्याय होता मला आजवर कळलेलं नाही. टेबलात लिहिणं चालू असताना वीज गेली की इंडेक्स मोडायचा. मग तो पुन्हा बांधत बसा, आणि तोवर बोर्ड बंद. टेक्स्ट फाईलला असलं काही दुखणं नव्हतं. आलेली सूचना खाली जोडायची, संपलं. वीज गेली तर फार तर शेवटची ओळ अर्धी राहील.

साहेब म्हणायचे, अशा फाईलीत कोणीही काहीही लिहील, उद्या लोक भजनं लिहितील. मी म्हणायचे, लिहू द्या, भजन वाचून रस्ता कळत असेल तर काय बिघडलं. यावर ते पेनचं टोपण घट्ट करायचे. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पावसाळाभर दोन्ही चालवायचं. वडशाचा माणूस आधी आपल्या शब्दांत सूचना लिहील, ती टेक्स्ट फाईलीत जाईल. मग तो सी किंवा बी दाबेल, ते टेबलात जाईल. पावसाळा संपला की जे चांगलं ठरेल ते ठेवायचं, दुसरं पुसायचं. कचेरीत फोनवर बसणारे बाबू लोकांना उत्तर देणार ते टेबलाचा छापील कागद बघून, कारण तिथे वाचायला एकच अक्षर होतं.

वडशाच्या माणसाला आम्ही भाऊ म्हणायचो. पन्नाशीचे, आवाज भरदार. हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरायला लागल्या की भाऊ रजा टाकायचे आणि पडद्याआडून नटांना वाक्यं सांगायला जायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना पूर्ण वाक्यं पुरवलेला हा माणूस. त्याला एका अक्षरात बोला म्हणणं म्हणजे जुलूम होता. मशीनवर मराठी अक्षरं नव्हती, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहावं लागे, तरी भाऊ दोन बोटांनी टकटक करत सूचनेच्या जागी चांगला परिच्छेद लिहायचे. नाल्याला किती पाणी, कोणाची म्हैस अडकली, कोणत्या बसचा ड्रायव्हर चहा प्यायला बसला आहे. साहेब ते वाचून कपाळाला हात लावायचे. मला मात्र ते वाचायला फार आवडायचं, आणि साहेब बघत असले की मी मुद्दाम मोठ्यानं वाचायची.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून मोठी, वडशाच्या पलीकडे जंगलाच्या कडेला एका गावात शाळामास्तरीण. भाऊजी त्याच गावात जंगल खात्याच्या कचेरीत कारकून. ताईचं पहिलं बाळ तिकडेच झालं होतं आणि गेलं होतं. कळा लवकर सुरू झाल्या, गाडी मिळाली नाही, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं, आणि त्यापुढे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. त्यामुळे या वेळी दिवस राहिले तेव्हाच आईनं निक्षून सांगून ठेवलं होतं की नववा लागायच्या आत पोर सिंदेवाहीला आली पाहिजे. सिंदेवाहीला दवाखाना होता, डॉक्टरीणबाई होत्या. भाऊजींनी बसनं वडशाला यायचं, तिथून छोट्या रेल्वेनं सिंदेवाही, असं ठरवलं. आणि नेमकं निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या गावाच्या आणि वडशाच्या मधला नाला पुलावरून वाहायला लागला.

हे मला ठाऊकच नव्हतं, त्या दिवसांत भाऊंचं लिहिणं वाचायलाही सवड नव्हती. मला वाटत होतं, ताई केव्हाच घरी पोचली असेल. मी आतल्या खोलीत मोडलेला इंडेक्स बांधत बसायची, आणि बाहेर बाबूंकडे भाऊजींचा रोज सकाळी फोन यायचा. रस्ता कसा आहे, असं भाऊजी विचारायचे. बाबू टेबलाचा कागद बघायचे आणि सांगायचे, बंद. भाऊजी आभार मानून फोन ठेवायचे. मेव्हणी त्याच कचेरीत आहे, तिला बोलवा, असं एकदाही म्हणाले नाहीत. सरकारी फोनवर घरचं बोलायचं नाही हा त्यांचा नियम. आमचे भाऊजी नियमाला इतके धरून की लग्नात फोटो काढणाऱ्यानं हसा म्हटल्यावरच हसले.

मग एके दिवशी दुपारी आईचा फोन आला. बाबांच्या केंद्रातल्या साहेबांच्या टेबलावरून. आईनं आजवर फोन कधी हातात धरला नव्हता, त्यामुळे ती जोरजोरात बोलत होती आणि मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. ताई अजून आली नाही. भाऊजींनी बाबांना निरोप पाठवला की चंद्रपूरचा कॉम्प्युटर रोज बंदच सांगतो, तो चालू म्हणाला की निघतो.

"तुह्या मशीनीनं माह्या पोरीले तिकडं अडवून ठेवलं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मला आधी राग आला तो आईचा. मग भाऊजींचा, मग बाबूंचा. कोणावर काढावा हे ठरेना म्हणून मी फोन ठेवला आणि तरातरा आत गेले. टेबल उघडलं. त्या रस्त्यापुढे स्वच्छ बी लिहिलेला होता. काल बी, परवा बी. मग टेक्स्ट फाईल उघडली आणि पूर आला त्या दिवसापासून वाचत गेले.

पहिल्या दिवशी भाऊंनी लिहिलं होतं की पुलावरून कमरेइतकं पाणी, बस इकडंच थांबली. दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, पाणी उतरून राह्यलं, पोस्टाची सायकल खांद्यावर घेऊन एक जण पलीकडून आला. तिसऱ्या दिवशी म्हणजे कालच्या सूचनेत होतं की आज बाजाराला तिकडच्या बाया टोपल्या घेऊन आल्या, मोहाची वाळली फुलं आणि सात्या आणल्या, सात्या महाग सांगून राह्यल्या. सात्या म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या रानातल्या आळिंब्या. आणि या सगळ्या दिवसांपुढे टेबलात, नियमाप्रमाणे, बी.

नियम साहेबांचाच होता आणि तो काही मूर्खपणाचा नव्हता. बस गेल्याशिवाय रस्ता चालू म्हणायचा नाही. बस जात नव्हती, कारण पुलाच्या पलीकडच्या टोकाचा भराव खचला होता आणि त्यावरून अवजड गाडी नेणं धोक्याचं होतं. म्हणजे टेबल खरं तेच सांगत होतं. पण बाया टोपल्या डोक्यावर घेऊन येत होत्या, आणि माझी गर्भार बहीण बसची वाट बघत गावात बसली होती.

मी वडशाला फोन लावला. लाईन मिळायला बराच वेळ लागला. भाऊंना म्हटलं, मला फक्त एवढं सांगा, नाला पार करता येतो की नाही. भाऊंनी मला जे सांगितलं ते मी पुढे साहेबांना शब्दशः सांगितलं.

"बाई, बस नाई जाऊन राह्यली. पन पानी घोट्याइतकंच हाय, मानसं जाऊन राह्यली, बंड्या जाऊन राह्यल्या. मी लिवलं ना तुमाले."

लिहिलं होतंच. मी जंगल खात्याच्या कचेरीत फोन लावला आणि भाऊजींना बोलावून घेतलं. त्यांना सगळं समजावलं. उद्या सकाळी बैलबंडी करा, बंडीत धानाच्या तणसाची गादी घाला, नाल्यापर्यंत सावकाश या, पाणी घोट्याइतकं आहे, बंडीतूनच पार व्हा आणि दुपारची गाडी पकडा. भाऊजी ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं की हे सगळं खरं, पण कॉम्प्युटरवर काय आहे? मी सांगितलं, बंद. मग भाऊजी म्हणाले की मग ऑफिशियल तर बंदच झालं ना.

"भाऊजी, कॉम्प्युटरवर लिहिनारी मीच हाओ," मी म्हटलं. "मीच ऑफिशियल. उद्या निघा."

मग भाऊजी म्हणाले, बरं. तोवरच्या वर्षांत त्यांनी मोडलेला हा मला माहीत असलेला पहिलाच नियम. त्या एका 'बरं'साठी मी त्यांच्या बाकीच्या सगळ्या नियमांना माफ केलं.

दुसऱ्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. साहेबांना मी सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, खासगी कामाला सरकारी फोन वापरला म्हणून ऐकवतील. त्यांनी पेनचं टोपण काढून पुन्हा लावलं आणि कितवा महिना, असं विचारलं. मी म्हटलं, नववा लागलाय. मग ते आपली खुर्ची उचलून आतल्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी येऊन बसले.

दुपारी मोडेम किंचाळलं आणि भाऊंचं लिहिणं पडद्यावर एकेक अक्षर करत यायला लागलं. त्या काळच्या मोडेमचा वेग असा की वाचणारा आधी आणि अक्षर नंतर. नाल्याले घोट्याइतकं पानी. बंडी पार झाली. तुमच्या ताई इथी येऊन बसल्या, च्या पाजला. ताई बऱ्या हायेत, तुमचे भाऊजीच लय भ्यालेत. मी हसले, साहेबही हसले. त्यावर थोडा वेळ काही आलं नाही, बहुतेक भाऊ स्टेशनावर जाऊन आले असावेत. मग पुन्हा अक्षरं सुरू झाली. गाडी आली होती, पन गर्दी लय होती, तुमच्या ताई

आणि वीज गेली.

पंखा थांबला, पडदा काळा झाला. तुमच्या ताई काय? चढल्या, पडल्या, राहिल्या? माझ्या तोंडून त्या वीज मंडळवाल्यांसाठी जे निघालं ते बुद्धवंदना करणाऱ्या घरात शोभणारं नव्हतं. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वडशाला फोन लावावा तर लाईन सारखी गुंतलेली, कारण तिकडून भाऊ मशीननं आम्हालाच फिरवून फिरवून लावत होते आणि आमचं मशीन मेलेलं होतं.

दिवे आले तेव्हा मी कॉम्प्युटर सुरू केला. प्रोग्रॅमनं टेबल उघडायचा प्रयत्न केला आणि अपेक्षेप्रमाणे इंडेक्स मोडल्याचं सांगून अडून बसला. तो बांधायचा म्हणजे पुन्हा बराच वेळ. इंडेक्स झाल्याशिवाय बोर्ड सुरू होणार नव्हता, आणि बोर्ड सुरू झाल्याशिवाय भाऊंची लाईन घेतली जाणार नव्हती. टेबल काढून नुसत्या टेक्स्ट फाईलीवर बोर्ड चालवणं माझ्या हातात होतं. दोन ओळी बदलल्या की झालं. पण तसं केलं की टेबलातली नोंद तुटली असती आणि साहेबांचा पावसाळाभराचा प्रयोग तिथेच संपला असता.

मी साहेबांकडे बघितलं. त्या दोन ओळी पडद्यावर उघडून ठेवल्या.

"काढा ते टेबल," साहेब म्हणाले. "फाईलीवर करा."

मी दोन ओळी बदलल्या. एकदा चुकलं, पुन्हा केलं. बोर्ड सुरू झाला आणि लगेच मोडेम किंचाळलं. भाऊ पहिल्यापासून सगळं परत लिहीत होते, पाण्यासकट, च्यासकट. असा नाटकी माणूस, एक वाक्य गाळेल तर शपथ. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो. गर्दी लय होती, तुमच्या ताईले एका म्हातारीनं सरकून जागा देली, खिडकीपाशी बसवलं, गाडी गेली.

गाडी गेली. मी खुर्चीतच मागे रेलले आणि डोळे मिटून घेतले. इतकं हलकं मला नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटलं नव्हतं. साहेब उठले, खिडकीशी गेले, आणि बाहेर बघत म्हणाले की स्थितीच्या रकान्यात हे बसलं नसतं. मी चक्क गप्प राहिले. जिंकल्यावर गप्प राहणं मला एरवी जमत नाही.

त्यानंतर बोर्ड फाईलीवरच राहिला. साहेबांनी वर कळवताना विजेचं कारण लिहिलं, तेही खरंच होतं. पुढे पावसाळा संपल्यावर त्यांनी स्वतः बसून त्या फाईलीत शब्द शोधून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो चांगला होता. बाबू आता फोनवर बंद म्हणून मोकळे व्हायचे नाहीत, भाऊंची वाक्यं वाचून दाखवायचे. लोक रस्त्याचं विचारून झालं तरी पुढचं वाचा म्हणायचे.

ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा मी सुट्टी घेऊन सिंदेवाहीलाच होते. दवाखान्याच्या पडवीत आम्ही सगळे बसलो होतो, आई, बाबा, मी. भाऊजी उभे होते, कारण बाकावर तीनच माणसांनी बसावं असं वर लिहिलेलं होतं. आतून पोराच्या रडण्याचा आवाज यायला फार वेळ लागला. ताईचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला, आणि आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मग बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मुलगी झाली, म्हणाल्या. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता, सोडवावा लागला, पण आता दोघी ठणठणीत आहेत. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं की मागचं बाळ कुठे झालं होतं. आईनं गावाचं नाव सांगितलं.

"तिथं असती तर हेही हाती लागलं नसतं," बाई म्हणाल्या. "बरं केलं, आणलं ते."

भाऊजी बाकावर बसले. आधीच तिघं बसलेले असताना, चौथे. आईनं सरकून त्यांना जागा केली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि ते चारचौघांत, पोरासारखे हुंदके देऊन रडले.